अकरा खोकी आणि विजूमावशी

विजूमावशी गेल्या त्याच्या पाचव्या दिवशी आमच्या महाराष्ट्र मंडळाने ऑनलाइन शोकसभा ठेवली. स्क्रीनवर तीसेक चौकोन, प्रत्येकात कुणाचं तरी किचन नाहीतर होम ऑफिस. त्यांचा मुलगा समीर म्हणाला, "आईला संगीताची फार आवड होती. भजनं, भावगीतं. शेवटपर्यंत ती ऐकत असायची." चौकोनांतल्या माना हलल्या. कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मी माइक बंद ठेवून बसले होते आणि तो शेवटपर्यंत बंदच राहिला.

विजूमावशींनी आयुष्यात आपणहून एक भजन लावलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात भजन सुरू झालं की त्या उठून पार्किंग लॉटमध्ये जायच्या आणि गाडीत एसी लावून बसायच्या. हे समीरला माहीत होतं, त्या तिसांतल्या निम्म्यांना माहीत होतं आणि मला तर नक्कीच होतं. तरी मी गप्प बसले. त्यांच्या बाबतीत गप्प बसण्याची माझी ही दुसरी वेळ. सभा संपल्यावर मी लॅपटॉप इतक्या जोरात आपटून बंद केला की निखिल, माझा नवरा, वरून धावत आला. त्या रागातच हे लिहायला बसले आहे.

आम्ही पुण्याहून फ्रिस्कोला आलो तेव्हा समोरच्या घरात समीर आणि पल्लवी राहत होते आणि वरच्या मजल्यावर समीरची आई. पहिल्यांदा मी त्यांना मेलबॉक्सपाशी पाहिलं. उंची जेमतेम पाच फूट, आखूड कापलेले पांढरे केस, टेक्सासच्या उन्हात निळा स्वेटर. पोस्टमनशी कुठल्या तरी पार्सलवरून वाद चालला होता आणि त्यांचं इंग्लिश ऐकून मी जागीच थांबले. प्रत्येक 'र' दगडावर घासल्यासारखा आणि निम्मे शब्द गिळलेले. पोस्टमनला काही कळत नव्हतं. पुढे मी पाहिलं की फार्मसीतल्या मुलीला कळायचं नाही, बँकेत कळायचं नाही. समीर म्हणायचा, आई, जरा हळू बोल, इथल्यासारखं बोल. त्या म्हणायच्या, "त्यांना कान आहेत ना? मग वापरू देत."

ते इंग्लिश ग्लासगोचं होतं. मावशी मूळच्या नाशिकच्या, बीएस्सी झालेल्या. चोविसाव्या वर्षी लग्न करून ग्लासगोला गेल्या. नवरा तिथे सरकारी हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होता आणि तीन-तीन दिवस घरी यायचा नाही. घर दुसऱ्या मजल्यावर आणि खाली रेकॉर्डचं दुकान. घरातल्या हीटरला सारखी नाणी घालावी लागत, दुकानातला हीटर मात्र फुकट होता, म्हणून त्या खाली जाऊन उभ्या राहायच्या. महिनाभर पाहून दुकानाच्या मालकाने विचारलं, तुमचं अक्षर कसं आहे? मावशींचं अक्षर छान होतं. त्याने पाकिटांवर पत्ते घालायचं काम दिलं.

तो मालक आणि त्याचे दोन मित्र दुकानाच्या मागच्या खोलीतून स्वतःच्या रेकॉर्ड काढायचे. आजूबाजूची पोरं, कुणी बेकार, कुणी कॉलेजातली, त्यांचे बॅंड. एखाद-दुसरं गाणं रेकॉर्ड करायचं, थोड्याच प्रती काढायच्या, चित्र आपणच काढायचं आणि आपणच पोस्टाने पाठवायचं. मी एकदा विचारलं होतं की याला 'इंडिपेंडंट' का म्हणतात. मावशी म्हणाल्या, "लंडनच्या कंपन्यांना विचारायचं नाही. बास, एवढंच."

कारखान्यातून रेकॉर्ड यायच्या त्या उघड्या. वरचं पाकीट कुठल्याशा स्वस्त छापखान्यात सपाट कागदावर छापलेलं असायचं. ते कापायचं, घडी घालायची, कडेला खळ लावायची, वाळलं की रेकॉर्ड आत सरकवायची. हे काम मावशी वर स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायच्या. शेकडो पाकिटं. नवऱ्याला वाटायचं बायको पॅकिंगचं काम करते आणि तो ते कुणाला सांगायचा नाही. मावशी डावखुऱ्या होत्या. शाळेत त्यासाठी छड्या खाल्लेल्या. त्यामुळे त्यांनी केलेल्या पाकिटाची चिकटवलेली पट्टी नेहमीच्या उलट बाजूला येते. त्या मला दाखवायच्या. पाकीट हातात द्यायच्या आधी मात्र मला हात धुऊन, कोरडे करून यावं लागायचं.

त्या पाच वर्षांत त्यांनी जे जमवलं ते अकरा खोक्यांत होतं. रेकॉर्ड, पोरांनी पाठवलेल्या कॅसेट, झेरॉक्स काढून पिना मारलेली मासिकं, भिंतीवरून सोलून आणलेली पोस्टरं, पत्र्याचे बिल्ले, पत्रं. नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी लागली तेव्हा खोकी बोटीने एडिसनला आली. नवरा गेल्यावर एडिसनहून ट्रकने फ्रिस्कोला. आणि ग्लासगो सोडल्यावरही त्या थांबल्या नव्हत्या. जे बॅंड त्यांच्यानंतर आले त्यांच्याही रेकॉर्ड त्या पत्रं लिहून, पुढे ईमेल करून मागवत राहिल्या. समोरच्या घरात येणारी ती चपटी चौकोनी पार्सलं त्यांची असायची.

मला ते संगीत कधीच कळलं नाही. गिटार पुरती लावलेली नाही, गाणाऱ्याचा सूर जाग्यावर नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या आठ वर्षांच्या असताना घरी गाणं शिकवायला येणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हिला गळा नाही, हिने गाऊ नये. त्यानंतर त्या घरात गुणगुणल्याही नाहीत. "आणि तिकडे बघते तर ही पोरं. ह्यांनाही गळा नाही. पण ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं गाऊ नका म्हणून. मला इतका राग आला, केतकी. त्यांचा नाही. मास्तरांचा." चाळीस वर्षांनंतरही हे सांगताना त्यांची मान लाल झाली होती.

राग हा त्यांचा कायमचा सोबती होता. मंडळात त्याबद्दल विनोद व्हायचे. एका गणपतीत सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन भरवलं होतं. पैठण्या, पितळी समया, रांगोळीचे फोटो. मावशींनीही टेबल मांडलं, पोस्टरं लावली, छोटा रेकॉर्ड प्लेयर आणला. अध्यक्षबाईंनी येऊन गोड आवाजात विचारलं, काकू, काही मराठी नाही का ह्यात? तासाभराने, आवाजाचा त्रास होतो म्हणून, त्यांचं टेबल उचलून कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकशेजारी नेऊन ठेवलं. मावशींनी सगळं आवरलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंना ईमेल गेली. दोन ओळींची, शुद्ध मराठीत. तिच्यात लिहिलं होतं की पुढच्या वर्षी पैठण्या चपलांशेजारी मांडाव्यात आणि कसं वाटतं ते कळवावं.

एकदा त्यांच्याबरोबर मी डॅलसला रेकॉर्डच्या बाजारात गेले. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, बहुतेक सगळे पुरुष. एका दाढीवाल्या विक्रेत्याने विचारलं, नातवासाठी काही शोधताय का? त्याच्या मागे भिंतीवर फ्रेममध्ये एक पाकीट टांगलेलं होतं, मावशींनी त्याकडे बोट केलं. तो कौतुकाने सांगू लागला की हे फार दुर्मीळ आहे, ग्लासगोचं, मूळ प्रत, त्या काळी हे हाताने करायचे. मावशींनी ते काढून दाखवायला सांगितलं. उलटं केलं, कड पाहिली आणि म्हणाल्या, हे मूळ नाही. ज्याने केलंय तो उजव्या हाताचा आहे. ह्या रेकॉर्डची सगळी पाकिटं मी केलीत आणि मी डावखुरी आहे.

तो हसला. मग त्याने त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, त्यांची तब्येत बरी आहे ना?

मावशी त्याला जे म्हणाल्या त्यातलं निम्मं मला कळलं आणि त्याला बहुधा काहीच कळलं नाही, पण आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली आणि फिरवलीच नाही. म्हणाल्या, "ग्लासगोला दुकानात माझ्याकडे कुणी बघायचं नाही. गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावरून मालकाशी बोलायची. ते मी समजून घेतलं. मी नवीन होते. आता काय कारण आहे, सांग." घरी येईपर्यंत त्या स्पीड लिमिटच्या एका मैलानेही वर गेल्या नाहीत आणि मागून हॉर्न देणाऱ्या प्रत्येकाला आरशातून बघत राहिल्या.

आता खोक्यांचं सांगते.

एका उन्हाळ्यात मावशी बहिणीकडे नाशिकला गेल्या होत्या. समीरने वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग करायला घेतलं. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. पुढे मंडळात सगळ्यांनी पल्लवीला नावं ठेवली, सुनेने सासूचं सामान बाहेर काढलं म्हणून. ते साफ खोटं आहे. पल्लवी त्या आठवड्यात कामासाठी शिकागोला होती. खोकी गराजमध्ये ठेवायची हे समीरने ठरवलं. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला. शनिवारी सकाळी त्याने आम्हाला हाक मारली. निखिलने आणि मी त्याच्याबरोबर अकराच्या अकरा खोकी खाली आणली.

गराजचं दार सकाळपासून तापलेलं होतं. आत शिरताच चेहऱ्यावर भट्टीसारखी वाफ आली. माझ्या मनात आलं, की इथे रेकॉर्ड राहतील का? अगदी ह्याच शब्दांत आलं. पण घर माझं नव्हतं, आई माझी नव्हती. समीर घाईत होता, त्याने बिर्याणी मागवली होती. मी खोकं ठेवलं आणि हात झटकले. चार दिवसांचे सहा आठवडे झाले. फ्लोअरिंग संपलं, मग रंग निघाला, मग समीर विसरला. समोर राहून मीही विसरले.

मावशी परत आल्या, वर गेल्या, कपाट उघडलं आणि सरळ खाली गराजमध्ये आल्या. तिथे काय झालं ते पल्लवीने मला रडत सांगितलं. पहिल्या खोक्यातून त्यांनी एक रेकॉर्ड बाहेर काढली. तिच्या कडा तेलात सोडलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. दुसरी काढली, तिसरी काढली. कॅसेटची प्लास्टिकं वाकडी झाली होती. कागद तेवढे वाचले होते. समीर म्हणाला, आई, सॉरी, पण हे सगळं आता ऑनलाइन मिळतं, मी तुला प्लेलिस्ट करून देतो. मावशी म्हणाल्या, "पाकिटं मी चिकटवलीत. ती कुठे ऑनलाइन आहेत, दाखव." त्याने खरंच फोन काढला. पल्लवीने त्याच्या हातातून तो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या. आत आल्या नाहीत.

"तू होतीस ना उचलायला?"

"हो, मावशी."

"गराज गरम होतं?"

"हो."

"तुझ्या लक्षात आलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांच्यासमोर ते जमायचं नाही. मी मान हलवली.

"मग?"

त्या रस्ता ओलांडून परत गेल्या.

महिन्याभरात त्या घर सोडून गेल्या. सत्तरीला आलेली बाई, वीस मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावरचं एका बेडरूमचं अपार्टमेंट. समीर माझ्याकडे आला होता, तू समजाव म्हणून. लोक काय म्हणतील, आईला काही झालं तर, एवढ्याशा गोष्टीवरून. 'एवढ्याशा' म्हणाला तेव्हा मी त्याला जायला सांगितलं. त्याच्या आईने पितळेची भांडी आणली असती तर त्याने ती कापडात गुंडाळून घरात ठेवली असती. आजीच्या पैठणीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या असत्या. आईची म्हणून जी वस्तू आपल्याला ओळखू येते तिलाच आपण जपतो. बाकीचा सगळा आईचा पसारा. हे मी समीरबद्दल म्हणते आहे, पण बिर्याणी मीही खाल्ली होती.

अपार्टमेंटमध्ये त्या मला येऊ द्यायच्या. माफ केलं असं कधी म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून जाड काचा आणल्या होत्या. दोन काचांमध्ये एकेक रेकॉर्ड, वर डाळींचे डबे, आणि ते सगळं, रेकॉर्ड मऊ पडून सपाट व्हाव्यात म्हणून, उन्हाच्या खिडकीशी. आठवडाभराने काढायच्या, फिरवून पाहायच्या, पुन्हा दाबायच्या. वर्षभर हे चाललं. काही रेकॉर्ड वाजण्याइतक्या सपाट झाल्या, बहुतेक झाल्या नाहीत.

मग एका शनिवारी त्यांनी समीरला बोलावलं आणि मलाही. पाकिटं, पत्रं, मासिकं, पोस्टरं आणि सपाट झालेल्या रेकॉर्ड त्यांनी वेगळ्या काढल्या होत्या. उरलेल्या वाकड्या रेकॉर्ड आणि कॅसेट सात खोक्यांत भरून दाराशी ठेवल्या होत्या. लिफ्ट नव्हती. मावशी म्हणाल्या, "खाली कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये टाकायचंय. उचला."

समीर म्हणाला, आई, मी माणसं बोलावतो.

"नाही. ठेवली कुणी होती? उचल."

ऑगस्ट होता. आम्ही दोघांनी सातही खोकी तीन जिने उतरवली. मावशी गॅलरीत उभ्या राहून मोजत होत्या. पाचव्या खोक्याला समीर जिन्यात खाली बसला आणि रडायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस, शर्ट घामाने चिकटलेला. मी वर पाहिलं. मावशींनी पाहिलं होतं. त्यांनी पाण्याची बाटली आणून त्याच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. दोन खोकी राहिली होती. ती त्याने नेली. त्या दिवसानंतर तो दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायला लागला, हेही सांगितलं पाहिजे. त्या रविवारी काय बोलायचे मला माहीत नाही.

उरलेलं सगळं त्यांनी जवळच्या एका युनिव्हर्सिटीच्या म्युझिक लायब्ररीला द्यायचं ठरवलं. तिथली ग्रंथपाल तरुण होती, आनंदाने वेडी झाली. पण तिने करून पाठवलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं, करमरकर कुटुंबाकडून भेट. मावशींनी 'कुटुंब' ह्या शब्दावर लाल रेघ मारून फॉर्म परत पाठवला. दुसऱ्यांदा आलं, श्रीमती करमरकर, संग्राहक. तोही परत. ग्रंथपालने गोंधळून मला फोन केला की आता काय चुकलं? मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "संग्राहक तो डॅलसचा दाढीवाला. मी हे केलंय." तिसऱ्या फॉर्मवर काय लिहायचं ते त्यांनी स्वतः टाइप करून पाठवलं. विजया करमरकर, यांनी ह्यातली पाकिटं ग्लासगोत हाताने केली. लायब्ररीच्या पद्धतीत ते बसत नव्हतं, पण त्या मुलीने बसवलं. मी जाऊन पाहून आले आहे. तसंच लिहिलं आहे.

शोकसभेत हे कुणी बोललं नाही. बोलायला मी होते.

शेवटचं त्यांना पाहिलं ते मार्चमध्ये. हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, त्यांना ड्रायव्हिंगला मनाई झाली होती आणि समीर प्रवासात होता. मी न्यायला गेले. निघण्याआधी मी फोनवर शोधून त्यांच्या त्या बॅंडपैकी एकाचं गाणं काढून ठेवलं होतं. हायवेला लागल्यावर लावलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. अर्धं गाणं त्यांनी समोर बघत ऐकलं.

मग विचारलं, "तुला आवडतं का हे?"

"नाही, मावशी. अजून नाही कळत."

"मग बंद कर. माझ्यावर उपकार म्हणून नको लावूस."

मी बंद केलं. हॉस्पिटलच्या दारापाशी मी व्हीलचेअर आणते म्हणाले. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, बेल्ट काढला, पर्स खांद्याला लावली आणि उतरल्या. निळ्या स्वेटरची बटणं लावत त्या दाराकडे चालत गेल्या. मध्येच एकदा दम खायला थांबल्या. दारातल्या माणसाने मदतीला हात पुढे केला, तेव्हा त्याला काहीतरी म्हणाल्या. त्याला ते कळलं नसावं, कारण तो वाकला आणि त्याने पुन्हा विचारलं. मावशींनी तेच, तितक्याच वेगाने, पुन्हा सांगितलं.